बोगद्यात थांबणं

गाडीत बसायच्या आधी टुम्मास हात पुढे करतो.
मी तळव्यावर फोन ठेवते,
शाळेत बाईंच्या हातावर चिंगम काढून द्यावं
तसं तोंड करून.
फोन समोरच्या कप्प्यात जातो, त्याच्या लोकरी मोज्यांखाली.
मग पट्टा, मग आरसे.
आरशात कोण दिसतं? मेंढ्या.
आणि समोर? समोरही मेंढ्याच.
चल, म्हणतो, म्हणजे जागी आहेस.

मी लुझविमिंदा. क्लाक्सविकच्या कारखान्यात
सात वर्षं सॅमनचे काटे काढते, चिमट्यानं.
पापणी लवली की एखादा काटा राहतो
आणि कुठल्यातरी परक्या घशात जाऊन अडकतो.
हे सांगितलं तेव्हा टुम्मास म्हणाला,
अर्धं शिकूनच आलीस की.

त्याच्या किल्लीला एक पिवळा बिल्ला आहे, मेंढीच्या कानातला.
तिसऱ्या दिवशी विचारलं.
बराच वेळ वायपरच बोलत राहिला.
मग म्हणाला, एक निरोप आला होता. वाचला.
शब्दसुद्धा नव्हता त्यात,
नुसता अंगठा. कुणीतरी कशालातरी 'बरं' म्हटलेलं.
मान वर केली तेव्हा ती बॉनेटवर होती,
आणि तिची दोन कोकरं
अजून रस्त्याच्या त्या कडेला, आई परत येईल म्हणून उभी.

मालकिणीचं दार त्यानंच वाजवलं.
सुन्निवा ओरडली नाही. कॉफी दिली.
बिल्ला कापून हातात ठेवला, म्हणाली, असू दे तुझ्याकडे.
पैसे घेतले असते तर बरं झालं असतं,
टुम्मास म्हणाला, आणि मला गिअर बदलायला लावला.

आज बोगदा.
डोंगराच्या पोटातून एकच पदर रस्ता, दिवे नावापुरते.
समोरून कुणी आलं तर आपण बाजूच्या खोबणीत शिरायचं,
निळ्या पाटीवर एम लिहिलेलं असतं तिथं.
आज वाट द्यायची पाळी आमची.
लांब दोन दिवे दिसले. काजव्याएवढे.
मी शिरले, थांबले. पाठीवर घाम.

आणि कप्प्यात फोन थरथरला.

एक वाजला होता. सेबूत रात्रीचे नऊ.
या वेळी आईच असते.
मोज्यांखालून तिची हाक
गळा दाबल्यासारखी येत होती.
थांबलेच आहे ना मी, म्हटलं, गाडी तर उभी आहे.
टुम्मास माझ्याकडे वळलाही नाही.
गाडी उभी आहे, म्हणाला. तू नाहीस.
तू वाट देते आहेस. तेही चालवणंच.
ते दिवे बघ. किती लांब आहेत?

सांगता येईना.
काजव्याचे कंदील झाले, कंदिलांचा ट्रक,
मासे घेऊन निघालेला, अख्खा बोगदा भरून.
आमच्या आरशापासून वीतभर अंतरावरून गेला.
चालकानं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली, फक्त दोन.
मीही उचलली.
या देशात सात वर्षांत
कुणाशी इतकं नीट बोलणं झालं नव्हतं.

अजून एक येतो आहे, टुम्मास म्हणाला.
फोन पुन्हा थरथरला. मग गप्प झाला.
माझ्या पोटात खड्डा: पडली असेल, साखर वाढली असेल,
दवाखान्यातून कुणी केला असेल.
डोळ्यांत तेल घालून मी पुढचे दिवे मोजत बसले.

बाहेर उजेड, धुकं, चर्चजवळची मोकळी जागा.
हँडब्रेक ओढला. इंजिन बंद. किल्ली काढली, बिल्ल्यासकट.
मग टुम्मासनं कप्पा उघडला
आणि स्वतः खाली उतरून
उगाच टायर बघत राहिला.

आई म्हणाली, व्हिनेगर किती घालायचं अडोबोत?
तुझी भाची विचारते आहे.
आता झालं करून. आंबट झालंय.
होतीस कुठे एवढा वेळ?

डोंगरात, म्हटलं.

तेव्हापासून फोन उचलला की आधी विचारते:
गाडीत आहेस का गं?
आणि मी नाही म्हटलं
तरी थोडी थांबते,
खोबणीत थांबल्यासारखी.