डागडुजी

रात्रपाळी संपवून फाटक ढकललं
आणि बुटाखाली काहीतरी करकलं.
आवाज लहानच. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला
तो पायातून कळतो.
वीस वर्षं गॉलवेच्या इस्पितळात
मी प्लास्टर चढवते:
मनगटं, घोटे, सायकलवरून पडलेल्या पोरांचे हात.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर दोन.
एकीच्या शंखाचा कळसच आत बसलेला,
दुसरीच्या पाठीला नखाएवढं भगदाड,
त्यातून दिसणारं ओलं, करडं,
मंद हलणारं काहीतरी.
आइस्क्रीमचा डबा, ओला टिश्यू, कोबीचं पान,
झाकणाला सुईनं भोकं.
फटीवर काही चिकटवायचं नाही
एवढं ठाऊक होतं. कसं, ते आठवत नाही.

पहिली तिसऱ्या दिवशी गेली.
स्वतःला आत आत ओढून घेत राहिली,
मग ओढून घ्यायला कुणी उरलं नाही.
फ्युशियाच्या कुंपणाखाली पुरली.

शेजारचा मॅलकी भिंतीवरून डोकावला.
"डब्यात काय?"
सांगितलं.
तो रोज संध्याकाळी कोबीवरच्या गोगलगायी वेचून
भिंतीपलीकडे, म्हणजे माझ्याकडे, फेकतो.
"म्हणजे मी पाठवायच्या, आणि तू दवाखाना चालवायचा,"
म्हणाला, आणि बादली घेऊन गेला.

दुसरीच्या भगदाडावर पापुद्रा आला,
उकडलेल्या अंड्याच्या टरफलाआत असतो तसा.
मी भिंग घेऊन बसले.
आम्ही बाहेरून गुंडाळतो,
"सहा आठवडे भिजवू नका" म्हणून बजावतो.
ही अंगाच्याच पदरानं
आतून चुना सारवत होती,
घरात कोंडलेल्या गवंड्यानं
आतल्या बाजूनं भिंत बुजवावी तशी.

चुन्यासाठी मी अंड्याची टरफलं कुटून दिली.
तिनं शिंगं काढून पाहिलं, आणि वळून बसली.
रविवारी किनाऱ्यावरून येताना मॅलकीनं
खिशातला समुद्रफेनाचा तुकडा भिंतीवर ठेवला.
"कबुतरांसाठी आणला होता."
कबुतरं त्यानं नोरीन गेली
त्याच वर्षी विकली.

त्या रात्री डब्याला कान लावला
तर खरखर, खरखर,
कुणी फार लांब कानस चालवतंय.

पाच आठवड्यांत ठिगळ टणक झालं. पण पांढरं.
तपकिरी पट्टे त्याच्या काठाशी येऊन थांबतात
आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात,
चालू बोलण्यात कुणीतरी खोकावं तसे.
रंग फक्त तोंडाशी वाढणाऱ्या काठाला मिळतो.
मागच्या डागडुजीला नाही.

ऑगस्टात, ओल्या संध्याकाळी, सोडली.
चुनखडीच्या धोंड्यांवरून भिंत चढली,
माथ्यावर थांबली.
इकडे मी, तिकडे त्याचा कोबी.
पोटात पाय असणाऱ्यांचा काय भरवसा.

काल पलीकडून नेहमीसारख्या टप्, टप्
गवतात पडल्या. अकरा.
एकेक उचलून पाठ पाहिली.
पांढऱ्या ठिगळाची एकही नाही.
"सगळ्या फेकल्यास?" मी विचारलं.
"सगळ्या," मॅलकी म्हणाला,
आणि एका गड्ड्यावरची बाहेरची पानं
हातानं नीट मिटवली.