ठराव क्रमांक चार

पंचायतीचा सचिव होतो म्हणून सांगतो,
हे इतिवृत्तात नाही.

सगुण कोरगावकर निवडून आला अकरा मतांनी.
निशाणी छत्री. प्रचार असा केलाच नाही.
खाजनाच्या बांधावरून चालत गेला
कुर्ल्यांनी पोखरलेली भोकं चिखलानं बुजवत,
आणि बांधाआड ज्यांची शेतं होती
त्यांनी मतं दिली.

बाप मानशीवर होता, आजाही.
मानस म्हणजे आमच्याकडे मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार.
नदीला आत घेतं
कोरगुटाला सोसेल तेवढंच.
फळी कधी टाकायची, कधी उचलायची
हे सगुणला दिनदर्शिका न बघता कळे.
सभेत बसल्या बसल्या मध्येच म्हणे,
“सुकती लागली.”
मी घड्याळ बघून वहीत वेळ लिही.

मग अविश्वासाचा ठराव आला.
सातांत चार हवे होते. चौथा सगुण.
पांढऱ्या गाडीतून चौघांना आंबोलीला नेलं,
मोबाईल काढून घेतले.
कोंबडीचं सुकं, नवे टॉवेल,
आणि खिडकीबाहेर डोंगर,
जिथवर बघावं तिथवर
भरती नसलेला डोंगर.

त्या रात्री अमावास्या.
बाराच्या सुमाराला तो उठला म्हणे,
दाराची कडी चाचपू लागला.
दार बाहेरून बंद.
“झोप रे,” कुणी म्हणालं,
“चार दिवसांत सरपंच होतोस.”

इथे मुलगा कॅसिनोच्या बोटीवर रात्रपाळीला.
बायको, चंद्रावती, कंदील घेऊन मानशीवर गेली.
झिंग्यांसाठी उचललेली फळी
खाचेत फुगून बसली होती.
एकटीला ढळली नाही.
पहाटे वाड्यावर हाक आली,
“उदक चडलां रे!”
तोवर नदी पाटाच्या पार गेलेली.

सकाळी हात वर झाले. मी मोजले.
चौथ्या हाताला हॉटेलच्या साबणाचा वास होता.
त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

सरपंच झाल्यावर पहिल्याच बैठकीत
ठराव क्रमांक चार : बांध व मानस दुरुस्ती.
सूचक सरपंच स्वतः. सर्वानुमते मंजूर.
जांभा, सिमेंट, लोखंडी दार,
सतरा लाख.
ठेकेदार कुणाचा मेहुणा, ते मी लिहिलं नाही,
तसा रकाना नसतो.

लोखंड एका वर्षात गंजलं.
शेतातलं मीठ उतरायला तीन पावसाळे लागतात.
सरपंचपद टिकलं आठ महिने.
चौथा दुसऱ्याच गाडीत बसला.

परवा घरपट्टी भरायला आला.
पावतीवर वाकला, थांबला,
खिडकीकडे न बघता म्हणाला,
“सुकती लागली.”
मी घड्याळाकडे पाहिलं, सवयीनं.
चार वाजून दहा.
पेनाचं टोपण काढलं होतं.
पुन्हा लावलं.