एका फुटामागं एक सूत

सहाला पहिलं पपनस फोडतो मी.
साल जाड, आतला पांढरा कापूस त्याहून जाड,
मग कुठं तरी फळ.

रंगराव सुतार टॉवरपासून फेरी मारून येतात,
चपला करकर वाजत,
"बागवान, बिनसाखरेचा. मीठ चिमूटभर."
चौदा हंगाम हेच.

उद्यमनगरात पॅटर्न करायचे ते.
आधी सागवानात, मग वाळूत, मग लोखंडात.
कितीतरी पंपांची काळजं
आधी त्यांच्या रंध्याखालून गेली.

गणपती झाले आणि गोळी बदलली,
प्रेशरची, नवी, मसुरीएवढी.
आठवड्यात उजवी चप्पल आवळायला लागली.
म्हणाले, चामडं आटलं रे, पावसानं.
मीही म्हटलं, व्हय, आटलं असंल.

चामडं नव्हतं आटलं.

घटाच्या तिसऱ्या माळेला
माझ्या क्रेटवर बसले ते उठेचनात.
तोंड चुन्यासारखं, मानेवर घाम,
ग्लास अर्धा.
मी टाळू चोळतोय, कुणी रिक्षा बोलावतंय.

दवाखान्यातनं परतले चौथ्या दिवशी.
माझी नसीम डी. फार्मला.
तिनं गोळ्यांची पट्टी वाचली, मग माझ्या हातातलं फळ बघितलं.
"अब्बा, हे दोन एकत्र नको.
गोळीतलं बरंचसं शरीर वाटेतच जाळून टाकतं,
डॉक्टर ते धरूनच लिहितात.
पपनस जाळूच देत नाही.
सगळी गोळी रक्तात उतरते."

"मग गोळी रात्री घेतो की,"
रंगराव म्हणाले, घासाघीस केल्यागत.
"नाही चाचा. एक ग्लास दिवसभर, कधी दोन दिवस
आतड्यात ठाण मांडून असतो."

ते गप्प. रंकाळ्यावर एक पाणकावळा पंख वाळवत.
मग हसले, खोकला येईस्तोवर.
"आगं पोरी, हे तर आमचंच की!
लोखंड गार होताना आकसतं.
म्हणून आमची पट्टीच खोटी,
तिचा फूट फुटाहून एक सूत लांब.
डॉक्टरनं साचा मोठा धरला,
आन् ह्याच्या फळानं लोखंड आकसूच दिलं न्हाई.
जॉब बसणार कसा?"

मी सुरी धुतली. दोनदा धुतली.
चौदा हंगाम चांगलंच पाजत होतो की मी,
म्हणजे, वाटत होतं.

आता पिकल्या केसांचं गिऱ्हाईक आलं की विचारतो,
काका, प्रेशरची, छातीची, कोलेस्टेरॉलची गोळी आहे का?
कुणी रागावतं: रस देतोस का तपासतोस?
कुणी काही न बोलता
समोरच्या गाड्यावर जातं.

रंगराव येतात अजून. डॉक्टरला विचारून मोसंबी घेतात,
तोंड वाकडं करतात, "गोडच आहे रे."
ढिगातलं एक पपनस उचलतात,
सालीचा वास घेतात,
आणि खिशातली जुनी पट्टी काढून
त्याच्या पोटावर धरतात.

"किती भरलं?" मी.
"साडेसहा."
"कुठल्या पट्टीनं?"

पट्टी घडी करून खिशात घालतात,
पपनस जागेवर ठेवतात,
देठ वर करून.