पदरमोड

सालामिसच्या या बेटावर मला
'ती ट्रॉयवाली' म्हणतात.
हेसिओनी हे नाव इथल्या जिभांना जड जातं,
किंवा नकोच असतं.

माझ्या बापाने तट बांधून घेतला
दोन अनोळखी मजुरांकडून. वर्षभर.
मजुरी मागायला आले तर म्हणाला, कान कापीन.
ते देव निघाले.
आमच्या वाड्यात देण्याचा हिशोब कुणी ठेवत नसे,
तो समुद्राने ठेवला.

मला खडकाला बांधलं तेव्हा
आई म्हणाली, केस आवळून घे, वारा आहे.
एवढंच.
तिलाही दुसरं काही बोलायला दिलं नव्हतं कुणी.
राक्षसाचा जबडा जवळून पाहिलाय मी:
आत शेवाळ, आणि दातात अडकलेलं
कुणाचं तरी वल्हं.

सोडवणारा आला. त्याला घोडे कबूल केले,
आणि तेही बुडवले.
मग शहर पेटलं. भाऊ एकेक पडत गेले,
मोजायला मी.

तेलामोनच्या नावेत चढवण्याआधी म्हणाले,
कैद्यांतला एक निवड. पण फुकट नाही.
मी पोदार्केस निवडला. शेंडेफळ,
मनगटाने नाक पुसत उभा होता.
अंगावर देण्यासारखं काय होतं?
डोक्यावरची ओढणी. काठाला डाळिंबं,
मीच भरलेली, शेवटचं अर्धंच राहिलेलं.
ती दिली.

पदरमोड म्हणतात ती अशी.

पुढे लोक त्याला प्रियाम म्हणू लागले,
म्हणजे विकत घेतलेला.
त्याच नावाने राजा झाला.
एकदा मला परत मागायला माणूस धाडला त्याने.
दारातूनच वळवला. मी वर लोकर पिंजत होते,
शब्द कळले नाहीत,
फक्त आमच्याकडचा तो घोळवलेला 'र'
जिन्यावरून वर आला.
त्या दिवशी लोकर नीट पिंजली गेली नाही.

आता माझा तेउक्रोस निघालाय,
इथल्या सगळ्यांबरोबर, नावा भरभरून.
मामाच्या गावाला. पहिल्यांदाच.
शिदोरीला वाळली अंजिरं दिली,
खारवलेले मासे दिले,
आणि म्हटलं, तटावर एक म्हातारा दिसेल,
मनगटाने नाक पुसणारा.
त्याच्यावर बाण टाकू नकोस.
त्याची किंमत भरलेली आहे.

तो धनुष्याची दोरी ताणून बघत होता.
'हो' म्हणाला,
मला की दोरीला, कळलं नाही.