वळसा

पंधराशे मीटर भिंत.
आराखड्यात तिचा रंग लाल,
थराचं नाव मीच ठेवलेलं: हद्द.
चौदा वर्षं सोहारमध्ये मी रेघा ओढतो,
दुसऱ्यांच्या शहरांच्या.

आत विद्यापीठ.
खजुरांना ठिबक, हिरवळीला ठिबक,
रात्री कुणी नसताना उजेडात बसून राहिलेले बाक.
बाहेर लॉन्ड्री, पंक्चरवाला,
मोबाइलच्या काचा बदलणारा एक पोरगा,
आणि दापोलीच्या हमजा सरगुरोहचं कॅफेटेरिया,
जिथं करक चहा शंभर बैसा
आणि पराठ्यात अंडं, चीज, चिप्स, म्हणाल ते गुंडाळून मिळतं.

पोरांना चहा प्यायचा तर मुख्य फाटकातून बाहेर,
राउंडअबाउटला प्रदक्षिणा, सर्व्हिस रोडनं मागे:
अडीच किलोमीटर, जूनमध्ये, शेहेचाळीस अंशांत.
काखेत कळसा, हमजा म्हणायचा,
आणि किटली उचलून दाखवायचा.

हे मला नंतर कळलं.
आधी फक्त उपग्रहाचा फोटो होता,
त्यात ईशान्य कोपऱ्याशी एक फिकट रेघ,
तिरकी, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे,
जणू मधे भिंत नाहीच.
मला वाटलं ओरखडा. खोडायला घेतली.
इंजिनिअर शम्सा अल-बलुशी मागून म्हणाल्या,
राहू दे. पायवाट आहे ती.
पण ही कुणी आखलेली नाही, मॅडम.
म्हणूनच, म्हणाल्या.

संध्याकाळी दोघं जाऊन पाहून आलो.
दोन ठोकळे काढलेले, आतून दुधाचा क्रेट,
बाहेरून रंगाचा डबा, पाय ठेवायला.
वीस पावलांवर टेकराज, पहारेकरी,
खुर्ची उलटी फिरवून बसलेला.
फाटकाकडे बघायचं एवढंच मला सांगितलंय, म्हणाला,
मागं बघायचं कुणी सांगितलं नाही.

मग अकरा बैठका.
पार्किंग, कॅमेरे, पुन्हा पार्किंग.
आत कोण कोण येईल, एका प्राध्यापकांनी विचारलं,
आणि सगळ्यांची नजर नकाशात
मी राखाडी रंगवलेल्या चौकोनांवर गेली.
तिथं कामगार राहतात.
मीही सहा वर्षं राहिलो होतो. बोललो नाही.
शम्सा मॅडम बोलल्या, अरबीत, बराच वेळ.
मला त्यातले दोनच शब्द लागले, पाणी आणि सावली.

शेवटी नऊ मीटर मिळाले.
नऊ मीटर उघडं, दोन्हीकडे घाफची झाडं,
एक नळ, कुणीही प्यावं असा.
घाफ म्हणजे आपली शमीच की.
ऑफिसात एकटाच हसलो:
गावाची वेस ओलांडून
शमीपर्यंत जायचं असतं दसऱ्याला,
आणि इथं शमीच वेशीवर आणून लावायची होती,
मिलिमीटरमध्ये.

जानेवारीत भिंत फुटली.
मी काम सुटल्यावर गेलो.
मधून चालताना हात आपोआप गळ्यातल्या कार्डाकडे.
कुणी मागितलं नाही.
तरी धरून ठेवलं, पलीकडे पोचेपर्यंत.
राखाडी चौकोनांतले चौघे नळावर तोंड धूत होते,
एक मुलगी बाकावर पाय वर घेऊन पाठांतर करत होती,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं,
आणि ते मला फार आवडलं.

दुकानांची भाडी मात्र पावसाळ्याआधी तिप्पट.
(पावसाळा इथं नसतो. तोंडात बसलंय.)
हमजाच्या जागी आता काचेमागे क्रोसाँ,
तो किटलीसकट वादीपलीकडे, पेट्रोल पंपामागे.
माझ्या नकाशात त्या पट्टीचं नाव होतं
चैतन्यमय दर्शनी भाग.
अक्षरं मीच बसवली होती, चौदा पॉइंटमध्ये.
टेकराजची खुर्ची अजून आहे,
फक्त कुठं पाठ करायची ते त्याला कळेना झालंय.

शम्सा मॅडम बदलून मस्कतला गेल्या.
परवा नवा फोटो आला उपग्रहाचा.
नऊ मीटरांतून निघून, बाकांना डावलून,
एक रेघ वादीत उतरलीये, जेमतेम दिसते.
मी मोजली: चारशे दहा मीटर.
नवा थर उघडला.
नाव काय, संगणक विचारतोय.
अजून दिलेलं नाही.