उलटा मार्का

अकरा वर्षं मी पोत्यांवर मार्का मारते,
सांगलीच्या यार्डात, मुथाशेठच्या वखारीत.
पत्रा ठेवायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा,
पत्रा उचलायचा.
खाली इंग्रजी, वर ते.
त्याला आम्ही वेलबुट्टी म्हणायचो.

गेल्या माघात पत्रा पालथा पडला
आणि तीनशे वीस पोती तशीच गेली.
जेद्दाहून फोटो आला.
शेठ ओरडले नाहीत. फोटो पुढं धरला,
शेजारी सुलटं पोतं.
मी या पोत्याकडं बघितलं, त्या फोटोकडं बघितलं.
मला दोन्ही सारखंच दिसत होतं.

दोन दिवसांची हजेरी कापली, त्याचं काही नाही.
सारखं दिसलं, त्याचं मात्र
रात्री कूस बदलली तरी जाईना.

मिरजेत सफुराबाई बागवान शिकवतात.
खाली तंबोऱ्यांचा कारखाना, जिन्यात भोपळे टांगलेले,
डोकं वाकवूनच वर जावं लागतं.
पहिल्या दिवशी मी वही उघडली,
त्यांनी हातातून घेतली नि पालथी करून दिली.
"इकडनं सुरुवात."
ते माझं शेवटचं पान, दुधाचा हिशेब लिहिलेलं.
"हिशेब हा शब्द अरबीच," म्हणाल्या.
"मग निम्मी येतीच की मला!"
"शब्द येतील, चंपाबाई. घसा कुठनं आणाल?"

घसा खरंच नव्हता.
डॉक्टर चमच्यानं जीभ दाबतो
तेव्हा जे निघतं ते एक अक्षर आहे.
खाली कुणीतरी खर्जाची तार पिळत होतं,
तीही लागत नव्हती.
बराच वेळ आम्ही दोघी, ती तार आणि मी.

आणि प नाही. च नाही. ट नाही, ळ नाही.
मी चंपा पाटोळे.
फाटकावर अडवावं तसं नाव बाहेरच राहिलं,
आत गेली ती कोण एक शंबा बातोली.
मी तिला अजून नीट ओळखत नाही.

तालीम म्हणजे शिकवणं, असं निघालं.
आमच्या गल्लीत तालीम म्हणजे लाल माती, तेलकट खांब
आणि पोरींनी उंबऱ्याच्या अलीकडं.
म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी, लुगड्याचा काष्टा न घालता,
मी तालमीत गेले.

एकदा पाऊण तास चुकत बसले
तेव्हा सफुराबाई म्हणाल्या, ऐका,
ही पुस्तकातली अरबी कुणाच्याच घरात बोलत नाहीत.
जेद्दातला हमाल घरी भलतंच बोलतो,
त्याच्या पोरालाही ही शाळेतच शिकावी लागते.
मला बरं वाटलं.
माझ्या 'पानी'ला, माझ्या 'न्हाई'ला
चौथीपर्यंत तांबडी शाई लागली होती.
चौथीनंतर शाळाच न्हाई.
हिच्या दारात सगळेच पाहुणे असतील
तर मीही बसते कोपऱ्यात चप्पल काढून.

चौथ्या महिन्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं: कुर्कुम.
हळद.
माझ्या पोत्यावरची वेलबुट्टी, तिथं, खडूनं.
"हा र बघा. मागच्याचा हात धरतो, पुढच्याला देत नाही.
अशी सहा अक्षरं आहेत."
"आमच्या भावकीत जास्त निघतील," मी म्हटलं.
त्या हसल्या. मीही हसत होते,
आणि मधेच थांबले.

त्या र च्या पुढं पत्र्यावर एक फट आहे.
पत्रा झिजलाय, तुटलाय, असं समजून
अकरा वर्षं मी बोळ्याच्या टोकानं
ती फट जोडून देत होते.
रोज. कुणी न सांगता.
काम नेटकं दिसावं म्हणून.

सफुराबाईंना हे सांगितलं नाही.
भोपळ्यांखालनं वाकून उतरले,
शेवटची बस होती.

सकाळी पहिलं पोतं आडवं केलं, पत्रा ठेवला.
बोळा फटीपाशी आला, हात सवयीनं वळला,
तो धरला.
शालन म्हणाली, "अक्का, मधे राहिलं बघ."
"राहू दे."
"अगं, तुटल्यागत दिसतंय."
"तिथं तसंच असतंय."

ती गेल्यावर मी खाली वाकले,
पिवळ्या बोटानं उजवीकडनं वाचत आले.
हळदच होती.