अर्थिंग

सोहारच्या बलदियामागचा पार्किंगचा पट्टा.
सहा चार्जर उभे केलेत,
सहाव्याला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.
गाड्या सगळ्या पेट्रोलच्या,
शेडखालची सावली बघून खेटून लावलेल्या.
वॉचमन खलफान त्यांना हाकलतो
आणि स्वतःची पिकअप आणून लावतो.

तो विजेला म्हणतो कहरबा.
म्हटलं, आमच्याकडे हा ठेका असतो,
आणि टूलबॉक्सवर वाजवून दाखवला.
त्यानं मन लावून ऐकला,
म्हणाला, याचं पण बिल येतं?

अर्थिंगसाठी खणलं तीन मीटर.
वाळू, तिच्याखाली वाळू,
मग कुणाची तरी एका पायाची चप्पल,
पुन्हा वाळू.
रॉड ठोकला, मीटर लावला. अडतीस ओहम.
पाचाच्या आत हवेत.
ही जमीन काही पोटात घेतच नाही.
रफीकुल म्हणतो, आमच्या नोआखालीत
बोट खुपसलं तरी पाणी लागतं.
मीठ ओतलं, कोळसा ओतला,
बेंटोनाइटची चार पोती, वर पाण्याचे ड्रम.
साडेबाराला काम बंद, उन्हाळ्याचा सरकारी नियम.
टँकरच्या सावलीत आडवे होऊन
आम्ही जमिनीचं पाणी पिणं ऐकत राहिलो.

त्याच वेळेला नसरीनचा फोन.
लांज्यापलीकडच्या ग्रामपंचायतीत ती कॉम्प्युटरवर बसते,
दाखले काढते, घरपट्टीच्या पावत्या.
मार्चमध्ये तिनं हप्त्यावर बॅटरीची स्कूटर घेतली,
मला न विचारता.
विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं,
हे तिला ठाऊक होतं.
जाताना ठीक, परतीच्या चढाला गाडीला धाप लागते,
म्हणून ऑफिसातल्या पंख्याचा प्लग काढून
खिडकीतून वायर बाहेर सोडते.
ग्रामसेवकांनी हजेरीपटावर लिहिलंय,
"विजेचा खाजगी वापर. खुलासा मागवावा."
पेन्सिलीनं लिहिलंय, ती म्हणाली.
पेन्सिलीनं का?
खोडता यावं म्हणून. त्यांची सून पण घेतेय स्कूटर.

मी विचारलं, अर्थिंग आहे का तिथं?
तीन पिनांचा प्लग आहे की.
प्लग वेगळा, अर्थिंग वेगळं, नसरीन.
असेल. तिथली लाइन तुमच्याच अब्बांनी ओढलेली.

अब्बा बोर्डात वायरमन.
खांबावर चढण्याआधी वाकून
जमिनीला हात लावायचे.
मला वाटायचं, दुवा मागतात.
एकदा विचारलं, तर म्हणाले,
ओली आहे का बघतो.

बुधवारी अकरा ओहम.
रविवारी चार पूर्णांक दोन.
रफीकुलनं मीटरचा फोटो काढला,
मग मीटरसोबत स्वतःचा.
चाचणीची पेटी जोडली. ही पेटी
गाडी असल्याचं सोंग घेते,
चार्जरला ते खरं वाटतं, दिवा हिरवा होतो.

खरी गाडी आणली परवाने खात्यातल्या बद्रियाबाईंनी.
प्लग हातात घेऊन पिना मोजल्या. सात.
हे असंच लावून मी वर कामाला जायचं?
दोनपर्यंत? कुणी काढलं तर?
मी आहे ना, खलफान म्हणाला,
आणि त्यानं पिकअप मागे घेतली,
उन्हात.

डिझेलच्या बसनं कॅम्पवर आलो.
बंकवर बसून अंदाजपत्रक लिहायला घेतलं,
नसरीन मासिक सभेपुढे ठेवणार आहे ते.
सोळा अँपियरचं सॉकेट, पत्र्याच्या पेटीत, नग एक.
गळती झाली की पडणारा ब्रेकर, नग एक.
वेगळा मीटर, म्हणजे पेन्सिल लागणार नाही.
तांब्याची प्लेट. मीठ. कोळसा.
खड्डा मागच्या नळाच्या मोरीशेजारी,
तिथली माती उन्हाळ्यातही ओली असते.
मजुरी

इथं अडलो.
आधी रेघ मारली. ती खोडली.
मग लिहिलं,
डिसेंबरात येतोय.